निळ्या चिंध्यांची ओळ

त्या वर्षी कलिंगडं दिसायला देखणी आणि चवीला पाणचट निघाली. वेल फुलावर असताना आभाळ दिवसचे दिवस झाकोळून राहिलं होतं, आणि ऊन नाही तर फळात साखर कुठून येणार? नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उपसून आळी केली, एकेका आळ्यात टोपलीभर खत ओतलं, खांद्यावरून बादल्या वाहून पाणी घातलं, तेव्हा कुठे ही फळं धरली होती. आबांनी पहिलं फळ कापलं, एक फोड तोंडात घेतली आणि ती गिळलीही नाही नि थुंकलीही नाही. तशीच गालात धरून बसले.

"कसं आहे?" थोरल्यानं विचारलं.

"ओलं आहे," आबा म्हणाले.

आबा म्हणजे घरातले म्हातारे आणि थोरला म्हणजे त्यांचा मुलगा. धाकटा शहरात जाऊन कधीचाच पाहुणा झाला होता, त्यामुळे आता घरात थोरलाच तेवढा होता, पण नाव तेच चिकटून राहिलं. शिवाय थोरल्याची बायको आणि त्यांची चिमी. चिमीला नुकतेच पुढचे दात आले होते आणि ती ते जगातल्या प्रत्येक वस्तूवर चालवून बघत होती.

फळ पिकलं का हे आबा टिचकी मारून सांगत. कच्चं फळ टणटण वाजतं, पिकलं की आवाज खाली बसतो, भद्द येतो. पण अलीकडे आबांचे कान गेले होते आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. मग घरात न बोलता एक रीत पडून गेली. आबा फळाशी उकिडवे बसून टिचकी मारायचे, सून शेजारी वाकून ऐकायची. आबा वर बघायचे, ती "भद्द" म्हणायची, आणि आबा जणू आपणच ऐकलं अशा थाटात देठ कापायचे. दोघांचंही त्यात बरं चाललं होतं.

प्रश्न व्यापाऱ्याचा होता. तो दरवर्षी मळ्यात येऊन स्वतः चाखायचा आणि मगच ट्रक पाठवायचा. त्यानं तोंड वाकडं केलं की संपलं. पिकलेलं कलिंगड वाळूत थांबत नाही. ऊन चढलं की तडकतं आणि मग माश्या गोळा होतात. अख्ख्या मोसमाची मेहनत त्या एका माणसाच्या जिभेवर होती.

सूनबाईच्या फोनमध्ये वेलवाल्या बायकांचा एक ग्रुप होता. कुठकुठल्या बायका त्यात होत्या, कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. कोणी भोपळ्याचा फोटो टाकायची, कोणी किडक्या पानाचा, कोणी नुसतीच फुलं. त्यात एका बाईनं सांगितलं, की फळाजवळच्या देठात सुईनं गुळाचं पाणी दिलं तर फळ गोड होतं. खाली बऱ्याच जणींनी पसंतीचे अंगठे टाकले होते. सूनबाईला ते पटलं असंही नाही आणि पटलं नाही असंही नाही. गूळ गोड असतो एवढं तर खरं होतं.

"अहो, गाईला टोचायची ती सिरिंज कुठं आहे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

थोरला फोनमध्ये होता. त्यानं मान वर न करता गोठ्याच्या कोनाड्याकडे बोट केलं. "गाईला काय झालं?"

"गाईला काही नाही. फळांना झालंय."

"बरं," तो म्हणाला. त्याला ऐकू गेलं होतं की नाही देव जाणे.

तिनं नदीकडची एकच ओळ निवडली. बिघडलं तर तेवढंच बिघडेल. जुनी निळी ओढणी फाडून त्या ओळीच्या प्रत्येक आळ्याशी एकेक चिंधी काटकीला बांधली, म्हणजे पुढं ओळखता येईल. मग टोपलीवर फोन टेकवून ठेवला आणि एका देठात सुई खुपसून पाणी कसं सोडते ते व्हिडिओत टिपलं. गूळ काळपट होता, पाणी तांबडं लाल दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "मैत्रिणींनो, असंच करायचं ना? का माझं चुकतंय?" आणि ते ग्रुपवर सोडलं.

उत्तरं भराभर आली. एक म्हणाली, छान ताई. एकीनं लिहिलं, अजून खोल टोचा. एकीनं लिहिलं, काही उपयोग नाही, सगळं खोटं आहे. कोणी नुसते हात जोडले. एकीनं भलत्याच कोणाच्या तरी वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या. सूनबाईनं सगळं पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आधी जेवढं कळत होतं त्याहून कमी कळायला लागलं. मग तिनं ती ओळ टोचून पुरी केली, कारण अर्धी सोडली तर कळणार कसं?

पुढं ऊन तापलं. कडक, कोरडं ऊन, वाळूवर पाय ठरत नव्हता. व्यापारी आला तेव्हा त्यानं पायांना पोत्याचे तुकडे बांधले होते. त्यानं मळाभर फिरून दोन-चार फळं फोडली, बोटांनी गर काढून खाल्ला आणि मिशी पुसली.

"आबा, गोडी आलीय की. परवा ट्रक पाठवतो."

आबांना नीट ऐकू आलं नाही, पण मिशी पुसलेली दिसली, त्यावरून ते समजले. थोरला हसला. सूनबाईनं हळूच पाहिलं, व्यापाऱ्यानं चिंधीच्या ओळीतलं फळ फोडलं होतं का? एक फोडलं होतं बहुतेक. गोडी उन्हानं आली का गुळानं आली, हा प्रश्न तिला पडला, पण आनंदात माणूस असले प्रश्न बाजूला सारतो. तिनंही सारला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला.

"चिमीला कलिंगड देऊ नकोस हं," आई म्हणाली.

"का गं? आपलंच तर आहे."

"आपलं असलं म्हणून काय झालं? मी पाठवलंय ते बघ आधी. अंगावर काटा येतो. लोक इतके कसे गं नीच होतात?"

तिनं बघितलं. एक बाप्या जड आवाजात सांगत होता, की मित्रांनो, तुमच्या मुलांच्या पोटात काय जातंय ते पाहा, रंगाचं इंजेक्शन, हे खाऊन माणसं दवाखान्यात पडलीत. पडद्यावर एक हात होता, लाल पाण्यानं भरलेली सिरिंज होती, सुईभोवती लाल वर्तुळ काढलेलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला चुलीच्या कडेनं भाजल्याचा जुना डाग होता. सूनबाईनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि आपलं मनगट फिरवून पाहिलं. डाग तिथंच होता. तिचं शेवटचं बोलणं, ते असंच करायचं ना, ते मात्र कोणी तरी कापून टाकलं होतं.

"बघितलंस?" आई विचारत होती. "मी सगळ्यांना पाठवलंय."

"आई, तो माझा हात आहे," ती म्हणाली.

आईनं तो व्हिडिओ परत लावला, तो जड आवाज फोनमधून ऐकू आला. मग म्हणाली, "अगं, पण तू असं का केलंस?"

सख्ख्या आईनं आधी हे विचारावं याचं सूनबाईला फार वाईट वाटलं. तिनं फोन ठेवला आणि तशीच नवऱ्याकडे गेली. थोरला मोसमभर बंद पडलेल्या पंपाचा पट्टा बसवत होता. तिनं त्याच्यापुढं फोन धरला.

"हे?" तो म्हणाला. "हे मी सकाळीच पाहिलं. गावाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा."

"तुम्ही टाकलं?"

"मग? लोकांना कळायला नको? खाली लिहिलंय, सावध राहा, बाहेरची फळं घेऊ नका, शुद्ध कलिंगड हवं तर आमच्याकडे या." त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं. "चांगली जाहिरात झाली."

तिनं मनगट त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. त्यानं मनगट पाहिलं, फोन पाहिला, परत मनगट पाहिलं. जो हात रोज त्याच्यापुढं ताट ठेवतो, तो त्याला ओळखता आला नव्हता. आणि गावाला तर त्यानं तो स्वतःच्या नावपत्त्यासकट पाठवला होता. पट्टा त्याच्या हातातून निसटून चाकात गेला.

"आता?" तो म्हणाला.

"पुसून टाका."

त्यानं पुसलं. पण गावाच्या ग्रुपचा कारभार चक्कीवाल्याकडे होता, आणि चक्कीवाल्याला दळणापेक्षा त्यातच जास्त रस होता. व्हिडिओत मागं दिसणारं मळ्यातलं मोडक्या छपराचं खोपटं त्यानं ओळखलं होतं. त्यानं विचारलं, थोरल्यानं टाकलेलं थोरल्यानंच का पुसलं? त्यावर कोणी लिहिलं, दाल में काला. कोणी लिहिलं, मला मागच्याच वर्षी शंका आली होती. आणि एकानं आपल्या पोराला मागच्या आठवड्यात जुलाब झाले होते ते आता कशामुळे हे कळलं म्हणून आभार मानले. दुपारपर्यंत व्यापाऱ्याचाही निरोप आला. बाजारात सगळ्यांच्या फोनमध्ये तेच आहे, खरं-खोटं तुमचं तुम्हाला माहीत, पण ट्रक तूर्त थांबवतो.

आबांना सगळं ओरडून सांगावं लागलं.

"टोचलंस का नाही टोचलंस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"टोचलं, आबा."

"रंग?"

"रंग नाही. गुळाचं पाणी."

"गूळ कशाला?"

"गोड व्हावं म्हणून."

"मग झालं का गोड?"

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंपाकडे पाहिलं. "माहीत नाही, आबा," ती म्हणाली.

आबांनी डोक्याला हात लावला. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी खरंच विचारात पडल्यासारखं तोंड केलं होतं.

थोरल्याचं म्हणणं पडलं, की आम्ही टोचतच नाही असं सरळ सांगायचं. ती म्हणाली, पण टोचलंय. तो म्हणाला, रंग नाही ना टोचला? मग टोचलं नाही असंच ते. तिला हे बरोबर वाटत होतं आणि खोटंही वाटत होतं. ती भांडी घासायला बसली तेवढ्यात तो मळ्यात गेला आणि काटक्यांवरच्या सगळ्या निळ्या चिंध्या सोडून आला. कोणी पाहायला आलं तर नसती भानगड नको म्हणून.

"अहो, पण आता ती ओळ कळणार कशी?" तिनं विचारलं.

"कळायला नकोच आहे," तो म्हणाला, आणि चिंध्या चुलीत घातल्या.

वेल तर कधीच एकमेकांत घुसले होते. या आळ्याचं फळ त्या आळ्यात लोळत होतं.

दुसऱ्या दिवशी आबाच उठले. त्यांनी हातगाडीत फळं भरली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि गाडी चक्कीपुढं नेऊन उभी केली. थोरला मागून गाडी ढकलत होता, सूनबाई चिमीला कडेवर घेऊन चालत होती. माणसं जमलीच. बोलायला कोणी पुढं आलं नाही, फोन तेवढे वर झाले.

"कापतो आणि खातो," आबा म्हणाले. "बघा."

त्यांनी पहिलं फळ कापलं. ते लालभडक निघालं. एरवी असं फळ निघालं की माणसं हात पुढं करतात. आता कोणी तरी हळूच म्हणालं, "एवढं लाल?"

आबांनी ते बाजूला सारून दुसरं कापलं. ते फिकट गुलाबी निघालं.

"हे टोचायचं राहिलं वाटतं," मागून कोणी तरी म्हणालं आणि लोक हसले.

थोरल्यानं तिसरं शोधायला सुरुवात केली, फार लाल नको आणि फार फिकटही नको असं. पण ते न कापता कसं ओळखायचं? त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो फळांना नुसता चापटत होता. सूनबाईला नवऱ्याची दया आली. काल आपणच टोचलं नाही म्हणायला निघालेला हा माणूस आता खरं दिसेल असं फळ हुडकत होता.

मग चक्कीवाल्यानं काचेचा पेला आणला. दुसऱ्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, की फोड पाण्यात टाका, पाणी लाल झालं तर रंग. त्यानं फोड टाकली. सगळे वाकले. पाणी हळूहळू गुलाबी झालं.

"झालं," चक्कीवाला म्हणाला. त्यालाही फारसा आनंद झालेला दिसला नाही. त्यानं पेला उजेडात धरला.

"कलिंगड पाण्यात टाकलं की होतंच," थोरला म्हणाला.

"तू आधी टाकून पाहिलंयस?"

थोरल्यानं आबांकडे पाहिलं. आबांचा जन्म कलिंगडात गेला होता, पण पेल्यात फोड बुडवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. त्यांनी चक्कीवाल्याच्या हातातला पेला घेतला. मग त्यांनी पाणी ओतून दिलं, ती फोड तोंडात टाकली आणि खायला बसले. लाल खाल्लं, फिकट खाल्लं, आणखी एक फोडून खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळत होता, धोतरावर सांडत होता, डोक्यावर ऊन होतं. "पुरे आबा," सून म्हणत होती. त्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा या वेळी ते खरंच ऐकत नव्हते. भल्या माणसाला भर रस्त्यात असं खाताना पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आबांचं पोट बिघडलं. उलट्या झाल्या, पाय गळून गेले. थोरल्यानं त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, काय खाल्लं होतं?

"कलिंगड," थोरला खालच्या आवाजात म्हणाला.

नर्सनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. तिच्याही फोनमध्ये ते आलेलं असणार. "किती?"

"पुष्कळ."

"या वयात, उन्हात, उघड्यावर कापलेलं पुष्कळ खाल्लं तर होणारच," ती म्हणाली. "आणि तसं म्हटलं तर कशानंही होतं."

सूनबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. थोरला येऊन शेजारी बसला तेव्हा तिनं सकाळपासून गिळलेला प्रश्न विचारला.

"अहो, ती सिरिंज धुतलेली होती ना?"

"तू धुतली असशील की."

"मला वाटलं गाईचं झाल्यावर तुम्ही धुऊन ठेवलीत."

"मला वाटलं तू वापरायच्या आधी धुशील."

गाईला काय औषध दिलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. पिवळं होतं एवढं आठवत होतं. आजवर लोक काय म्हणतात याची तिला भीती वाटत होती. आता आपणच काय केलंय याची वाटायला लागली. ही भीती वेगळी होती, कारण हिला उत्तर द्यायला समोर कोणी नव्हतं.

आबा बरे होऊन घरी आले, पण ते दवाखान्यात गेल्याचं गावाला आधीच कळलं होतं. पाठीवरून नेतानाचा व्हिडिओही कोणी काढला होता. त्याखाली लिहिलं होतं, आता तरी डोळे उघडा. ट्रक आला नाही. मळ्यात फळं तडकायला लागली. दुपारी खोपटात बसलं की ऐकू यायचं, कुठं तरी एखादं फळ चर्रकन फाटायचं, आणि माश्या तिकडं वळायच्या. थोरला आणि सूनबाई तडकलेली फळं टोपलीत भरून गाईपुढं ओतत. गाय हुंगायची आणि खायची. ती मजेत होती. त्यावरूनही काही ठरत नव्हतं, कारण गाय काहीही खाते.

गावाच्या ग्रुपवर तोवर दुसरंच काही आलं होतं, अंड्यांबद्दल. चक्कीवाला रस्त्यात भेटला तर म्हणाला, "खरं सांगू का थोरल्या, मला वाटतं तुमचं काही नसेल. पण काय सांगावं?" आणि तो दळणाकडे निघून गेला.

अशाच एका सकाळी सूनबाई मळ्यात असताना फोन वाजला. वेलवाल्या बायकांच्या ग्रुपवर कोणा अनोळखी बाईनं तिलाच विचारलं होतं. ताई, तुम्ही गुळाचं पाणी दिलं होतं, तुमची फळं गोड झाली का? माझीही पाणचट आहेत. मी करू का?

इतक्या दिवसांत घराबाहेरून तिला सरळ प्रश्न विचारणारी ही पहिलीच. सूनबाईला वाटलं, हिला तरी खरं उत्तर द्यावं. ती नदीकडच्या बाजूला गेली, आपल्या अंदाजानं टोचलेलं म्हणून एक फळ घेतलं, न टोचलेलं म्हणून वरच्या अंगाचं एक घेतलं. दोन्ही कापली. दोन्हींचा घास घेतला. हेही गोड लागलं, तेही गोड लागलं. पुन्हा घेतला तर दोन्ही बेताचीच लागली. तिनं देठ उन्हाकडे धरून सुईची खूण शोधली. देठ वाळून सुरकुतले होते, त्यावर खुणाच खुणा होत्या.

तेवढ्यात काठी टेकत आबा आले. एका हाताला चिमी होती. आजारानं ते अर्धे झाले होते, पण कापलेलं फळ पाहून त्यांचा चेहरा खुलला. ते वाळूत बसले, एक फोड उचलली, कडेच्या बिया नखानं काढल्या आणि चिमीच्या हातात दिली. चिमीनं दोन्ही हातांनी ती तोंडाकडे नेली.

सूनबाईनं झडप घालून ती फोड उडवली.

तिचं तिलाही कळलं नाही. हात आपोआप गेला होता. फोड वाळूत पालथी पडली. चिमी आधी रिकाम्या हातांकडे बघत राहिली आणि मग तिनं मोठ्यानं भोकाड पसरलं.

आबा सुनेकडे बघत होते. तिला मान वर करवेना.

"कोणत्या ओळीतलं होतं ते?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आबा."

"तुला वाटतं त्यात काही आहे?"

तिनं जवळ सरकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं, म्हणजे ओरडावं लागू नये. "मला काहीच कळत नाही, आबा," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं.

आबांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं. वाळूतली फोड उचलून त्यांनी तिच्यावरची वाळू बोटानं निपटायला सुरुवात केली, पण ओल्या गराला चिकटलेली वाळू निघत नव्हती.

"मग मी तिथं एवढं कशाला खाल्लं गं?" ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते, आणि उत्तराची वाट बघत तिच्या ओठांकडे पाहत होते. चिमी आईचा पदर ओढून कलिंगड मागत होती. टोपलीत फोन पुन्हा वाजला. त्या बाईनं परत विचारलं होतं, ताई, सांगता ना, मी करू का?